साध्या जेवणाचा हिशेब

‘रात्रीला फार काही नको, साधंच काहीतरी कर.’ संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला हे वाक्य मराठी घरांत हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. स्वयंपाक करणारी व्यक्ती, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते, दिवसभर राबली आहे, तिला आणखी त्रास नको, असा त्यामागचा भाव. पण साधं म्हणजे खिचडी, आणि खिचडी म्हटली की कढी आली. पापड तर हवाच. धाकट्याला खिचडी आवडत नाही म्हणून त्याच्यापुरत्या दोन पोळ्या, आणि सासऱ्यांना रात्री भात सोसत नाही म्हणून त्यांची भाकरी. सकाळची थोडी भाजी उरली आहे, ती गरम करून घ्यायची. असं करता करता शेगडीचे सगळे बर्नर अडकतात, ओटा भरून जातो आणि साडेनऊला जेवणं आटोपली तरी भांडी, ओटा, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं बाकीच असतं. खाणाऱ्यांच्या दृष्टीने जेवण साधंच झालेलं असतं.

रात्रीचं जेवण घरी शिजावं, ताजं असावं आणि घरातल्या सगळ्यांनी ते एकत्र बसून खावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. ते सोपं असावं, कुणालाही जमावं आणि रोज जमावं, असंही वाटतं. पण ते एकीच्या मायेवर किंवा सुगरणपणावर सोडून दिलं की सोपं राहत नाही. सोपं जेवण ही घराने मिळून करायची व्यवस्था आहे. आपल्याकडे ती बऱ्याच अंशी होती. तिचा मोठा भाग गेल्या दोन-तीन पिढ्यांत नकळत मोडला आणि त्याचा सगळा भार संध्याकाळच्या दीड-दोन तासांवर येऊन पडला. घरच्या जेवणाचे गोडवे गाणारे हा हिशेब क्वचितच मांडतात.

आधी घरीच का, हे सांगायला हवं. चवीची गोष्ट बाजूला ठेवू, कारण बाहेरचं खाणंही चविष्ट असतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. घरच्या जेवणाची खरी ताकद अशी की तेल किती, मीठ किती, तिखट किती, हे ठरवणारा माणूस आणि ते खाणारा माणूस एकाच घरात असतात. कुणाचा रक्तदाब वाढला की आमटीतलं मीठ दुसऱ्या दिवशी कमी होतं. कुणाचं पोट बिघडलं की त्याच्यापुरता मऊ भात आणि मेतकूट होतं. हे बाहेर होत नाही, होणारही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असं सांगते. बाहेरून मागवलेल्या भाजीत किती मीठ आहे हे खाणाऱ्याला कळायचा मार्गच नसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण रोगभारापैकी 56.4 टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असा अंदाज त्यात दिला आहे. निम्म्याहून जास्त आजारपणाचा संबंध ताटाशी असेल, तर ताटात काय पडतं यावरचा ताबा सोडून देणं परवडणारं नाही.

आणि तो ताबा झपाट्याने सुटतो आहे. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चातला 10.64 टक्के वाटा पेयं आणि तयार, प्रक्रिया केलेल्या खाण्यावर गेल्याचं दिसलं. गहू, तांदूळ, ज्वारी अशा तृणधान्यांवर गेला 3.64 टक्के. ग्रामीण भागातही तयार खाण्याचा वाटा 9.62 टक्के होता, म्हणजे हे फक्त पुण्या-मुंबईचं दुखणं आहे असं म्हणायची सोय नाही. तालुक्याच्या गावी संध्याकाळी बसस्टँडजवळ उभं राहिलं की वडापाव आणि चायनीजच्या गाड्यांवरची गर्दी हेच सांगते.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. पूर्वीच्या बायका सगळं घरी करायच्या, अगदी मुळापासून करायच्या, आताच्या बायकांना नको असतं. हे उत्तर अन्यायाचं तर आहेच, शिवाय चुकीचंही आहे. पूर्वीच्या बायका रोज संध्याकाळी सगळंच मुळापासून करत नव्हत्या. त्यांच्या संध्याकाळच्या स्वयंपाकातलं निम्मं काम महिन्यांपूर्वीच होऊन डब्यांत आणि बरण्यांत बसलेलं असायचं.

येसर घ्या. गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ मराठवाड्यात, नगरकडे, सोलापूरकडे घरोघरी असायचं. पाहुणा अचानक आला, भाजी नाही, तर पाणी फोडणीला टाकायचं, येसर कालवून घालायचं आणि दोन उकळ्या आल्या की आमटी तयार. कोकणात कुळथाचं पीठ तेच काम करायचं. थालीपिठाची भाजणी म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरं, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद आचेवर भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, मग सगळं एकत्र करून दळायचं. हे करायला अख्खी दुपार जाते. पण एकदा डबा भरला की संध्याकाळी कांदा चिरून, पीठ भिजवून, तव्यावर थापून माणसी दोन थालीपिठं व्हायला फार वेळ लागत नाही. सांडगे, कुरडया, पापड, मेतकूट, गोडा मसाला, लाल तिखट, उन्हाळ्यात गच्चीवर आणि अंगणात जे वाळत पडायचं, ते सगळं पुढच्या पावसाळ्यातल्या संध्याकाळींचं काम होतं. आणि ते काम एकटी बाई करत नव्हती. आळीतल्या चार-पाच जणी एकत्र बसायच्या, आज हिच्याकडचे पापड, उद्या तिच्याकडच्या कुरडया.

पुढे फ्लॅट आले, गच्ची सोसायटीची झाली, घरातल्या दोन बायांची एक झाली आणि ती एकही नोकरीला लागली. वाळवणाची दुपार गेली ती गेलीच. ती गेल्याबद्दल मला हळहळ नाही. भर उन्हात पापड लाटणं हे काही सुख नव्हतं. पण साठवलेलं काम संपलं तरी संध्याकाळकडून असलेल्या अपेक्षा जशाच्या तशा राहिल्या. आता त्याच संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, सगळं शून्यातून उभं करायचं. दरम्यान यंत्रं आली हे खरं. 1959 च्या सुमाराला आपल्याकडे प्रेशर कुकर तयार व्हायला लागले. कुकरमध्ये पाणी साधारण 120 अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात शिजता न शिजणारी तूरडाळ वीस मिनिटांत मऊ होते. साठच्या दशकात मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. या दोन वस्तूंनी बायकांचे किती तास वाचवले त्याला गणती नाही. पण त्या तासांवर दुसरं काम लगेच येऊन बसलं, कारण वाचलेला वेळ तिच्या विश्रांतीचा आहे असं घरात कुणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून अमुक गोष्ट विकत आणली म्हणजे जेवण घरचं राहिलं नाही, हा आग्रह सोडला पाहिजे. बचत गटाची भाजणी आणा, ओळखीच्या बाईंकडून येसर आणि गोडा मसाला घ्या. मुंबईत गिरगावात 1959 साली सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला तेव्हापासून लाखो घरांनी पापड विकत आणले. त्यामुळे त्या घरांतलं जेवण परकं झालं नाही. आळीतल्या चार जणी मिळून जे करायच्या ते आता मोठ्या प्रमाणावर, मजुरी देऊन होतं आहे, आणि काम करणारीला त्याचे पैसे मिळतात ही उलट सुधारणा आहे.

मात्र रेघ कुठे ओढायची ते नीट पाहावं. माझी कसोटी सोपी आहे. विकत आणलेला जिन्नस वापरल्यावरही मीठ, तेल आणि तिखट तुमच्या हातात राहतं का? भाजणीत राहतं. दळून आणलेल्या पिठात, सोललेल्या लसणात, मोड आलेल्या मटकीत, खवलेल्या नारळात राहतं. पाकीट फोडून गरम पाण्यात बुडवायच्या भाजीत राहत नाही, झटपट नूडल्सच्या मसाल्यात राहत नाही. तिथे दुसऱ्या कुणीतरी, माल महिनोन्महिने टिकावा आणि परत घ्यावासा वाटावा या हिशेबाने, तुमच्यासाठी सगळं आधीच ठरवलेलं असतं. पहिल्या प्रकारचा जिन्नस घरातलं काम हलकं करतो. दुसऱ्याने कामाबरोबर ताबाही जातो.

आता प्रत्यक्ष एखादं जेवण समोर ठेवूनच बोलू. पिठलं-भात घेऊ, कारण वेळेला पिठल्याइतकं धावून येणारं मराठी स्वयंपाकात दुसरं काही नाही. कुकरमध्ये भात लावायचा. कढईत तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की एका वाटी बेसनाला साधारण तीन वाट्या या हिशेबाने पाणी ओतायचं, मीठ घालायचं आणि पाणी खळखळून उकळू द्यायचं. इथे घाई करू नये, कारण आधण नीट आलं नाही तर पीठ कच्चट लागतं. मग एका हाताने बेसन भुरभुर वैरायचं आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहायची. गुठळी दिसली की कढईच्या कडेला दाबून मोडायची. ज्यांना वैरणं जमत नाही त्यांनी पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून ओतावं, पिठलं तेवढंच चांगलं होतं. वर झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची, कोथिंबीर टाकायची. भाताचा कुकर गार होईतो पिठलं तयार असतं. डाळीचं पीठ आणि तांदूळ एकत्र आले की प्रथिनांच्या दृष्टीनेही ती जोडी पक्की. सोबत कांदा, काकडी, असेल तर ताक.

यात भाकरी मी मुद्दाम घातली नाही. पिठलं-भाकरी हे शब्द जोडीने येतात, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी ही सुखाची गोष्ट आहे यात शंका नाही. पण भाकरी सोपी नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात. गरम पाण्याची उकड घेऊन ती सावरावी लागते. पिठाचा अंदाज, पाण्याचा हात, परातीतून तव्यावर टाकायची लकब, हे सगळं वर्षानुवर्षांच्या सरावाने येतं. पाच माणसांच्या भाकऱ्या म्हणजे पाऊण तास तव्यासमोर उभं राहणं. ज्याला येते आणि करायला आवडते त्याने जरूर करावी. पण ‘साधं पिठलं-भाकरी कर’ असं जो सहज म्हणतो त्याने एकदा परातीसमोर बसून पाहावं.

यातून मी एका महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. गरम पोळी-भाकरी ताटात पडत राहावी, ही आपल्या घरांतली सगळ्यात महाग मागणी आहे. तिच्यापायी करणारीला जेवणात बसताच येत नाही. बाकीचे जेवत असतात, ती तव्याशी उभी राहून एकेक फुलका वाढत असते. सगळे उठले की उरलेलं, गार झालेलं वाढून घेते, बहुतेक वेळा एकटीच, आणि अनेक घरांत भाजी संपलेली असली तर लोणच्याशी. आपण ज्याला कुटुंबाचं एकत्र जेवण म्हणतो त्यातून एक माणूस रोज वगळलं जातं, आणि हे इतकं सवयीचं झालं आहे की कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. खिचडी, पिठलं-भात, वरणफळं, अख्खा मसूर आणि भात, मसालेभात, या जेवणांचा मोठा गुण हाच की सगळं एकदम तयार होतं आणि शेगडी बंद करून सगळे एकाच वेळी बसू शकतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना चकोल्या म्हणतात ती वरणफळं तर एका पातेल्यात पोळी आणि आमटी दोन्ही उरकून टाकतात. उकळत्या आमटीत कणकेचे तुकडे सोडायचे, शिजले की वर तूप. पोळी हवीच असेल तर ती आधी करून डब्यात ठेवावी आणि गार खावी. गार पोळीने कुणाचं काही बिघडत नाही.

पण मग ताट भरलेलं दिसत नाही, ही तक्रार येते. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ, मधे वरण-भाताची मूद, शेजारी पोळी, असं ताट म्हणजे योग्य जेवण, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. सणाला ते शोभतं. रोज दोन्ही वेळा ते वाढलं जावं ही अपेक्षा महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांची कधीच नव्हती. भाकरी आणि तिच्याबरोबर एक कोरड्यास किंवा कालवण, वर ठेचा आणि कांदा, हे या प्रदेशातलं रोजचं जेवण होतं. खानदेशात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, कोकणात भात आणि माशाची आमटी, त्या दिवशी मासे नसले तर सोलकढी. एका ताटात दोन पदार्थ असणं हा कमीपणा नव्हता.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. या साधेपणाचं कौतुक करताना तो कुणी निवडला होता आणि कुणावर लादला होता, हे विसरता येणार नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे 2015 साली आलेलं पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची नोंद करतं. जे मिळेल त्यातून, जिथे तेल-तुपाचीही चैन नाही तिथे, घर जगवणाऱ्या माणसांचं ते अन्न आहे. आधीच्या बहुतेक पाकपुस्तकांच्या पानांवर त्याला जागाच मिळाली नव्हती. पोटभर पर्याय असलेल्या माणसाने रात्री एकच पदार्थ करणं आणि दुसरं काही नसल्याने एकच पदार्थ होणं, यात फार मोठं अंतर आहे. म्हणून मी साधेपणाला पवित्र मानत नाही. तो वेळ वाचवतो आणि सगळ्यांना एकत्र बसू देतो, एवढाच त्याचा आजचा उपयोग, आणि तो पुरेसा आहे.

पाकपुस्तकांचा विषय निघालाच आहे तर कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’बद्दल लिहिलं पाहिजे. 1970 साली हे पुस्तक आलं आणि त्यानंतर लग्न झालेल्या हजारो मुलींच्या सामानात ते गेलं. त्यातली मोठी गोष्ट पाककृतींची संख्या नव्हे. कमलाबाईंनी मापं वाटी आणि चमच्यात दिली. ‘अंदाजाने मीठ’, ‘लागेल तेवढं पाणी’ या भाषेत आईकडून मुलीकडे जाणारं ज्ञान त्यांनी अशा रूपात आणलं की आई जवळ नसलेल्या मुलीलाही ते वापरता यावं. परगावी, परदेशी गेलेल्या कितीतरी मराठी घरांत आमटीची चव या पुस्तकाने टिकवली. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. जी गोष्ट मोजून सांगता येते ती कुणालाही शिकता येते, मुलालाही. स्वयंपाक हा बाईच्या हातातला उपजत गुण आहे, या समजुतीला वाटी-चमच्याचं माप हे सरळ उत्तर आहे. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण त्या शक्यतेचा फायदा आपण मुलग्यांना फारसा करून दिलेला नाही.

आकडे तेच सांगतात. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत, घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाला. असं काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. त्यातही मुळात असं काही काम केलेले पुरुष 26.1 टक्के होते आणि बायका 81.2 टक्के. पाच वर्षांनी, 2024 च्या पाहणीत बायकांची मिनिटं 289 आणि पुरुषांची 88 झाली. दोघांचाही वेळ थोडा घटला, मधलं अंतर जवळजवळ जिथल्या तिथे राहिलं.

आणि या मिनिटांत ‘आज काय करायचं?’ हा विचार धरलेला नाही. स्वयंपाकातलं सगळ्यात थकवणारं काम कोणतं असं विचारलं तर रोज करणाऱ्या बहुतेक जणी चिरणं, लाटणं, भांडी यांच्या आधी हेच सांगतात. सकाळी भाजी काय झाली होती, फ्रिजमध्ये काय आहे, मेथी उद्यापर्यंत टिकेल का, कडधान्य भिजवायचं राहिलं, कोथिंबीर संपली, उद्या एकादशी आहे, मुलाला शनिवारी डबा लागत नाही. हा सगळा हिशेब दिवसभर डोक्यात चालू असतो, लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, झोपताना. संध्याकाळी नवरा येऊन ‘सांग, काय मदत करू?’ असं प्रेमाने विचारतो तेव्हाही हिशेब तिच्याकडेच असतो. तो कांदा चिरून देतो, पण कांदा चिरायचा आहे हे तिलाच ठरवावं लागतं. मदत करणाऱ्याला काम सांगावं लागतं, आणि सांगणं हेही काम आहे.

म्हणून कामं वाटण्याऐवजी वार वाटावेत, असं माझं ठाम मत आहे. ज्याचा वार त्याने काय करायचं ते ठरवायचं, सामान आहे की नाही ते आदल्या दिवशी पाहायचं, भाजी आणायची, शिजवायचं आणि ओटा पुसून मोकळं व्हायचं. त्या दिवशी बाकीच्यांनी समोर येईल ते खायचं, सूचना द्यायच्या नाहीत. सोमवारी बाबांचं पिठलं, गुरुवारी मुलीची खिचडी. आठवड्याचे ठरलेले पदार्थ असले तर आणखी सोपं. त्यात कंटाळवाणं काही नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी आठवड्यातल्या निम्म्या रात्री तेच ते जेवण असायचं. दहा-बारा वर्षांचं मूल तांदूळ धुऊ शकतं, पाण्याचं माप घेऊ शकतं, शिट्ट्या मोजू शकतं. पंधरा वर्षांच्या मुलाला कुकर लावता येत नसेल तर ते त्याच्या शिक्षणातलं उणेपण समजावं, गणितात मागे पडण्याइतकंच.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. बदलापूरहून, विरारहून रोज मुंबईला जाणारं जोडपं रात्री नऊला घरी पोचतं. त्यांनी वैरावं कधी आणि वाफ कधी आणावी? त्यांना घरच्या जेवणाचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घ्याव्यात आणि घरी फक्त डाळ-भाताचा कुकर लावावा. आठवड्यातून दोन रात्री सगळंच बाहेरून आणावं आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. सात रात्रींपैकी चार-पाच रात्री घरी शिजलं तरी ताबा आपल्याच हातात राहतो.

आणि ज्यांच्याकडे स्वयंपाकाच्या मावशी येतात त्या घरांसाठी एक गोष्ट. त्या मावशी संध्याकाळी तीन-चार घरांच्या पोळ्या लाटून आपल्या घरी जातात आणि तिथे पुन्हा शेगडी पेटवतात. आपलं साधं जेवण त्यांच्या उभ्या राहण्यावर उभं आहे. या कामाची खरी किंमत मुंबईला एकदा दिसली होती. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. आमटी-भात तोच होता. खाणावळीत त्याला दर होता, बँकेने तो व्यवसाय म्हणून मानला. त्याच बाईने स्वतःच्या घरात रांधलेल्या त्याच आमटी-भाताची किंमत मात्र कुठेच नोंदली जात नव्हती, आजही जात नाही. घरातल्या जेवणाला दर लावा असं मी म्हणत नाही. पण मावशींना साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा आणि दरवर्षी पगारवाढ एवढं तर प्रत्येक घराला ठरवता येतं. ज्या दिवशी मावशींची सुट्टी, तो घरातल्या पुरुषाचा वार असावा.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. ज्याने आजवर घरात कधी पीठ वैरलं नाही त्याने येत्या आठवड्यात एक वार स्वतःच्या नावावर घ्यावा, कुणालाही न विचारता काय करायचं ते ठरवावं आणि करावं. पहिल्या दिवशी गुठळ्या राहतील, भात थोडा खाली लागेल. घरातल्यांनी नावं न ठेवता ते खावं, आणि पुढच्या आठवड्यात तोच वार पुन्हा त्यालाच द्यावा.